पोलिसांचा वायरलेस आपण ऐकावा का? (स्कॅनर रेडिओ : माहिती, कायदा आणि आपली जबाबदारी)



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये रोज कुठेतरी सायरन वाजतो. अग्निशमनचा बंब जातो, 108 ची रुग्णवाहिका जाते, पोलिसांची गाडी जाते. त्या गाडीतल्या वायरलेसवर खरखर आवाजात काहीतरी बोलणं चाललेलं असतं. मुलं लगेच विचारतात, "ते काय बोलतात? आपल्याला घरी ऐकता येईल का?" मोठी मुलं तर त्यापुढे जातात. इंटरनेटवर परदेशातले व्हिडिओ बघतात आणि "स्कॅनर मागवू या" म्हणतात.

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. नुसतं "नको रे" म्हणून मुलांचं समाधान होत नाही. चला तर मग, क्रमाने समजून घेऊ.

1) स्कॅनर म्हणजे काय?

आपला साधा एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात ऐकतो. स्कॅनर हाही रेडिओच, पण त्याचा पट्टा खूप मोठा असतो. तो एकामागून एक वारंवारता तपासत जातो. जिथे आवाज सापडेल तिथे थांबतो आणि बोलणं संपलं की पुढे सरकतो. मधली खरखर बंद ठेवणाऱ्या सोयीला स्क्वेल्च म्हणतात.

पूर्वी हे यंत्र महाग होतं. साधारण 2012 च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं की संगणकावर टीव्ही बघण्यासाठी असलेला पेनड्राइव्हएवढा एक स्वस्त तुकडा असाच मोठा पट्टा ऐकू शकतो. तेव्हापासून ही हौस जगभर पसरली.

2) लाट किती लांब असते?

हे गणित पाचवीच्या मुलांनाही जमतं. 300 ला मेगाहर्ट्झने भागा, लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते.

• एफएम, 100 मेगाहर्ट्झ : 300 ÷ 100 = 3 मीटर
• व्हीएचएफ वायरलेस, 150 मेगाहर्ट्झ : 300 ÷ 150 = 2 मीटर

अँटेना बहुतेक वेळा लाटेच्या पाव भागाएवढी ठेवतात. 2 मीटरचा पाव भाग म्हणजे 50 सेंटिमीटर. गाडीवरची वायरलेसची काठी साधारण तेवढी का असते, ते आता कळलं ना?

या लाटा जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर किंवा उंच इमारती आल्या की आवाज कमजोर होतो. म्हणून मुख्य अँटेना नेहमी उंचावर असते.

3) वायरलेसवर बोलण्याची रीत

फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, साध्या वायरलेसवर नाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. म्हणून वाक्याच्या शेवटी "ओव्हर" म्हणतात, म्हणजे "माझं झालं, आता तुम्ही बोला".

खरखरीत "सात" आणि "साठ" यांची गफलत सहज होते. म्हणून आकडे सुटे सुटे उच्चारतात आणि ऐकणारा संदेश परत म्हणून दाखवतो. अक्षरांसाठीही ठरलेले शब्द असतात : ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो. आपलं "क कमळाचा" तरी दुसरं काय आहे?

महाराष्ट्र पोलिसांचा यासाठी स्वतंत्र बिनतारी संदेश विभाग असून त्याचं मुख्यालय पुण्यात आहे.

4) एका संदेशाची किंमत : 26 नोव्हेंबर 2008

आपली मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाची सुरुवात 1 ऑक्टोबर 2020 रोजी झाली. पहिले आयुक्त होते सदानंद दाते. हेच दाते 26/11 च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेक्यांशी लढताना जखमी झाले होते.

त्याच रात्री जवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. अतिरेक्यांनी त्यांचीच गाडी पळवली. त्या गाडीत मागे पोलीस अरुण जाधव जखमी अवस्थेत पडून होते. अतिरेक्यांनी पुढे ती गाडी सोडून दुसरी स्कोडा गाडी हिसकावली. ते गेल्यावर जाधवांनी गाडीतल्याच वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत ती स्कोडा अडवली गेली. तिथे तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिलं.

आता कल्पना करा, हेच संदेश त्या वेळी शत्रूच्या कानावर पडले असते तर? ही भीती निराधार नाही. त्या रात्री टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणाचं काय झालं ते आठवा. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे 2015 मध्ये नियम बदलला. अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची.

5) पण मग पोलिसांना प्रश्न कोणी विचारायचे?

काही वाचक इथे म्हणतील, "सर्व गुप्त ठेवलं तर चुका कशा कळणार?" हा मुद्दा बरोबर आहे. त्याचं उत्तरही 26/11 मध्येच आहे. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या संभाषणाच्या नोंदी मागितल्या. त्यांच्या आधारे, मदत वेळेवर का पोहोचली नाही, असे प्रश्न त्यांनी 2009 साली 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकातून जाहीरपणे विचारले.

म्हणजे बघा, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कारवाई चालू असताना चोरून ऐकणं वेगळं आणि कारवाई झाल्यावर कायद्याने नोंद मागणं वेगळं. पहिल्यात जीव धोक्यात येऊ शकतात. दुसरा नागरिकाचा हक्क आहे.

6) कायदा काय सांगतो?

आजी-आजोबांना विचारा, पूर्वी घरातल्या साध्या रेडिओलासुद्धा लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. 1980 च्या दशकात ते बंद झालं. पण ती सूट कार्यक्रम ऐकण्याच्या रेडिओला होती, सगळ्या वायरलेसला नव्हे.

• 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला होता.
• 2023 च्या दूरसंचार कायद्याचं कलम 42 हे 26 जून 2024 पासून लागू आहे. बेकायदेशीरपणे संदेश मध्येच पकडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.
• वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना परवान्यातून सूट आहे. बाकीच्यांना नाही.

"ऑनलाइन मिळतं, म्हणजे चालतं" असं पालकांनी समजू नये. खोक्यावर वारंवारता आणि मान्यता बघितल्याशिवाय मुलांना असं खेळणं घेऊन देऊ नका.

इतर देशांत काय आहे? अमेरिकेत असं ऐकायला बहुतांश ठिकाणी परवानगी आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकण्यास कायद्याने मनाई आहे. अमेरिकेतही आता बदल होतोय. न्यूयॉर्क पोलिसांनी 2023 पासून ब्रुकलिनमध्ये संभाषण सांकेतिक करायला सुरुवात केली. तिथल्या पत्रकारांनी मात्र त्याला विरोध केला. म्हणजे हा वाद जगभर चालू आहे.

7) संदेश कोणासाठी आहे? हाच खरा प्रश्न

पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमनकाकांना ते वाचता येतं, पण ते वाचत नाहीत. का? तर ते त्यांच्यासाठी लिहिलेलं नसतं. हवेतली लाटही तशीच. ती आपल्या भिंतीतून जाते, पण म्हणून ती आपली होत नाही.

रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना काय काय बोललं जातं याचा विचार करा. इमारतीचं नाव, मजला, रुग्णाचं वय, आजार, घरात एकटी बाई आहे ही माहिती. उद्या ते घर आपलं असेल. सोसायटीच्या ग्रुपवर ते पाच मिनिटांत फिरलेलं आपल्याला चालेल का?

याउलट काही संदेश सर्वांसाठीच असतात. आपल्या उत्तन, पाली, चौकच्या कोळी बांधवांच्या बोटी समुद्रात जातात. समुद्रावर व्हीएचएफ चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, हे जगभर संकटासाठी राखून ठेवलेलं आहे. बोट बुडायला लागली तर तीनदा "मेडे, मेडे, मेडे" म्हणायचं. हा शब्द फ्रेंच बोलीतून आला, अर्थ "मला मदत करा". इथे ऐकणं हा चोरटेपणा नाही, ते कर्तव्य आहे. ज्या बोटीला ऐकू येईल तिने मदतीला जायचं. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांकही मुलांना पाठ हवा.

म्हणून तीन कप्पे लक्षात ठेवा :
अ) सर्वांसाठी : आकाशवाणी, हवामानाचा इशारा
आ) जो ऐकेल त्याने धावून जावं यासाठी : समुद्रावरची संकटाची हाक
इ) ठरावीक माणसांसाठी : पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचं कामाचं बोलणं

8) हौस असेल तर सरळ रस्ता आहे

ज्याला रेडिओचं खरंच वेड आहे त्याने हॅम व्हावं. केंद्र सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओ केंद्राचं प्रमाणपत्र आणि परवाना मिळतो. वयाची 12 वर्षं पूर्ण हवीत. परीक्षेत थोडं विजेचं ज्ञान आणि थोडे नियम असतात. मग व्हीयू ने सुरू होणारं आपलं स्वतःचं कॉलसाइन मिळतं आणि 144 ते 146 मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत नुसतं ऐकताच नाही तर बोलताही येतं.

ही हौस वाया जात नाही. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी अंदमानात होते. फोन बंद पडल्यावर त्यांनी रेडिओवरून निरोप पोहोचवले. जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून शाळकरी मुलांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल मुके झाले, ते आपण विसरलेलो नाही. अशा दिवशी शहरात दहा परवानाधारक हॅम असणं हे शंभर चोरून ऐकणाऱ्यांपेक्षा केव्हाही चांगलं.

स्वाध्याय

प्र. 1. 145 मेगाहर्ट्झ लाटेची लांबी किती? (उत्तर : सुमारे 2.07 मीटर)
प्र. 2. वायरलेसवर "ओव्हर" का म्हणतात?
प्र. 3. खालील संदेश कोणत्या कप्प्यात जातील? चक्रीवादळाचा इशारा / बुडणाऱ्या बोटीची हाक / बंबाला सांगितलेला पत्ता.
प्र. 4. "हवेतून जाणारं सगळं सर्वांचं असतं." तुमचं मत पाच ओळींत लिहा.

उपक्रम : वर्गाचे दोन गट करा. एक नियंत्रण कक्ष, दुसरा बंबावरचे जवान. पाठमोरं बसून, "ओव्हर" म्हणत, आगीचा पत्ता कळवायचा. बाकीच्या मुलांनी मुद्दाम गलका करायचा. पत्ता बरोबर पोहोचला का ते फळ्यावर लिहून बघा. एक आकडा चुकला तर बंब कुठल्या गल्लीत जाईल, हे मुलांना न सांगताच समजेल.

आणि हो, संकटात आपल्याला स्कॅनर नको, 112 पाठ हवा. पाठ आवडला तर आपल्या शाळेत हा उपक्रम नक्की घेऊन बघा.