दृष्ट, करणी आणि बायंगी : दोषारोपाचे व्याकरण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• ‘लागणे’ व ‘करणे’ या क्रियापदांतून संकटाचे कारण कसे मांडले जाते, ते सांगता येईल.
• वाक्यातील कर्ता आणि समाजातील दोषारोप यांचा संबंध स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखाद्याची दुभती गाय अचानक आटते आणि त्याच वर्षी शेजाऱ्याच्या घरावर मजला चढतो. या दोन घटनांची कारणे वेगवेगळी असतात. परंतु दैवी वा अघोरी शक्तीची कल्पना त्यांची सांगड घालते. अशा समजुतींना शास्त्रीय आधार नाही. तरीही भाषा त्यांना कोणते साचे पुरवते, हे भाषेच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

२. ‘लागणे’ : कर्त्यावाचून संकट

‘बाळाला दृष्ट लागली’ या वाक्यात क्रियापद ‘दृष्ट’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे चालते. ‘बाळाला’ हे अनुभव घेणाऱ्याचे पद होय. ‘भूक लागली’, ‘ठेच लागली’ ही वाक्ये याच साच्यातील आहेत. दृष्ट कोणाची, हे सांगण्याची व्याकरणाला गरज भासत नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या की प्रकरण घरातच मिटते.

३. ‘करणे’ : कर्त्याचा शोध

‘करणी’ हे नाम ‘करणे’ या धातूपासून आले आहे. त्यामुळे ‘गाईवर करणी झाली’ असे म्हटले तरी ‘कोणी केली?’ हा प्रश्न उरतोच. आधी ‘कोणीतरी केली’ असे उत्तर येते. मग ‘त्याने केली’ किंवा ‘तिने केली’. सर्वनामाचा हा प्रवास लहान दिसतो, पण तिथे अज्ञात भीतीला एका माणसाचा चेहरा मिळतो. सातपुड्याच्या परिसरात ‘डाकीण’ ठरवल्या गेलेल्या स्त्रियांनी त्याची जबर किंमत मोजली आहे. ‘ती डाकीण ठरवली गेली’ या कर्मणी रचनेत मात्र ठरवणारे अदृश्य होतात, हे लक्षात घ्यावे.

४. शेजाऱ्याची भरभराट

कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात, एखादे घर झपाट्याने सधन झाले की ‘त्यांनी बायंगी आणली’ असे म्हटले जाते. मोल देऊन आणलेली ही शक्ती मालकाला धन देते व इतरांचे नुकसान करते, अशी समजूत आहे. येथे ‘आणणे’ हे क्रियापद शेजाऱ्याला कर्ता करते. मात्र त्याच्या कष्टांचा नव्हे, तर कपटाचा. स्वतःच्या यशाबद्दल बोलताना तोच वक्ता ‘देवाची कृपा’ किंवा ‘घामाचा पैसा’ म्हणतो. एकाच प्रकारच्या घटनेसाठी असे दोन शब्दसंच वापरले जातात, तेव्हा त्यामागील असूया भाषेतून उघड होते.

५. उच्चार हीच कृती

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा धोका ओळखला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे व तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावासाची आहे. म्हणजेच ‘तिने करणी केली’ हे केवळ विधान नसून माणसाचे जीवन उद्ध्वस्त करू शकणारी कृती आहे.

सारांश

‘लागणे’ दोषी व्यक्तीवाचून संकट सांगते, ‘करणे’ दोषी शोधायला लावते, तर ‘आणणे’ शेजाऱ्याच्या यशालाच अपराध ठरवते. म्हणून अशी वाक्ये ऐकताना कर्ता कोणाला केले आहे आणि कोणाला लपवले आहे, हे आवर्जून तपासावे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘दृष्ट लागली’ व ‘करणी केली’ या रचनांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील शेजाऱ्याच्या उत्कर्षाविषयीचे तीन वाक्प्रयोग नोंदवा व त्यांतील कर्ता ओळखा. नोंद करताना कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहू नका.