जवळची वाट

१२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्क शहरातील टाइम्स चौकात सहा मोटारगाड्या सज्ज होऊन उभ्या होत्या. तीन फ्रेंच, एक जर्मन, एक इटालियन व एक अमेरिकन. त्यांस जावयाचे होते थेट पॅरिसला! मोटार हे त्या काळी नवलाचे वाहन होते. शहराबाहेर मोटारीजोगा रस्ता क्वचितच आढळे.

मार्ग आखणाऱ्यांनी नकाशावर एक धाडसी रेघ ओढली होती. अमेरिका ओलांडून अलास्कात जावे आणि सुमारे ८५ किलोमीटर रुंदीची बेरिंगची सामुद्रधुनी बर्फावरून पार करून सायबेरिया गाठावा. कागदावर ही वाट किती सोपी! परंतु तेथील बर्फ एकसंध नसतो. तो प्रवाहाबरोबर सरकतो व फुटतो. अमेरिकेची ‘थॉमस फ्लायर’ ही एकच गाडी अलास्कात पोहोचली. तिच्यातील जॉर्ज शुस्टर याने घोड्याच्या घसरगाडीतून पुढे जाऊन वाट पाहिली. बर्फात मोटारीचा टिकाव लागणे अशक्य होते. तो माघारी फिरला. हट्टापेक्षा हे माघारी फिरणेच अधिक धैर्याचे होते.

मग गाड्या जहाजांतून आशियात नेण्यात आल्या. तोवर निम्म्या गाड्या बाद झाल्या होत्या. मे महिन्यात व्लादिवोस्तोकहून शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा बर्फ वितळून वाटांचा चिखल झाला होता. शेजारून लोहमार्ग गेला होता, कोरडा आणि सरळ. शुस्टरने अमेरिकेतही रीतसर परवानगी घेऊन रुळांवरून गाडी हाकली होती. येथेही त्याने तोच उपाय योजला. पण ही जवळची वाट सुखाची नव्हती. लाकडी स्लीपरांवर आदळून यंत्राचे सांधे खिळखिळे होत, आणि समोरून आगगाडी आली तर जड मोटार झटकन बाजूस काढणे सोपे नव्हे.

आरंभीच जर्मन ‘प्रोटोस’ गाडी चिखलात रुतलेली दिसली. तिला तशीच सोडून पुढे जाणे सहज शक्य होते. अमेरिकनांनी आपली गाडी थांबवली व प्रतिस्पर्ध्यास ओढून बाहेर काढले.

२६ जुलै रोजी तीच ‘प्रोटोस’ पॅरिसला प्रथम पोहोचली! ‘थॉमस’ चार दिवस मागे होती. तथापि अमेरिकेत असताना ‘प्रोटोस’ काही अंतर आगगाडीवर चढवून नेलेली होती. या सोयीच्या वाटेबद्दल तिला पंधरा दिवसांचा दंड झाला. उलट अलास्काच्या फेरीबद्दल ‘थॉमस’ला पंधरा दिवसांची सूट मिळाली. अशा रीतीने मागून आलेली ‘थॉमस’ सव्वीस दिवसांनी विजयी ठरली.

पॅरिसच्या वेशीवर मात्र पोलिसाने तिला अडवले. रात्र झाली होती आणि तिला दिवा नव्हता! एका सायकलस्वाराने आपला दिवा देऊ केला, पण तो सायकलीपासून निघेना. अखेर सायकलच मोटारीवर चढवण्यात आली, आणि त्या मिणमिणत्या उजेडात विजयी गाडी शहरात शिरली.