मसाल्याची आयात : बंदरावरील कसोटी आणि खळ्यावरील दक्षता

मराठवाड्यात उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला करून ठेवण्याची प्रथा आहे. त्यातील मिरची जवळच्या मोंढ्यातून येते. लवंग व दालचिनी मात्र बहुतांशी मादागास्कर, इंडोनेशिया, व्हिएतनाम यांसारख्या देशांतून समुद्रमार्गे येतात. तेलंगणच्या सीमेला लागून असलेल्या बिलोली परिसराचा या व्यापाराशी दुहेरी संबंध आहे. पूर्वी बिलोली तालुक्यातच असलेले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे आयातीचे नियम येथील ग्राहकाच्या आरोग्याचे रक्षण करतात, तर परदेशातील तसेच नियम येथील उत्पादकाच्या मालाची परीक्षा घेतात.

बंदरावरील तपासणी

परदेशातून वाळवलेला मसाला आणणाऱ्यास आयात-निर्यात संकेतांक व केंद्रीय अन्न परवाना घ्यावा लागतो. अख्ख्या मसाल्याबरोबर कीड व रोग येऊ नयेत म्हणून २००३ च्या वनस्पती संसर्गरोध आदेशानुसार निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. न्हावाशेवासारख्या बंदरात येणाऱ्या मालासाठी १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे ‘बिल ऑफ एन्ट्री’ सादर केले जाते. मालाचा प्रकार, वजन व किंमत यांवरून शुल्क ठरते.

तथापि, शुल्क भरले म्हणजे माल सुटला असे नव्हे. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०१७ चे आयात नियम यांनुसार कागदपत्रे व वेष्टनावरील मजकूर तपासला जातो आणि तपासणीसाठी निवडलेल्या मालाचे नमुने घेतले जातात. नमुन्याचा एक भाग प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवला जातो. माल मानकांत बसल्यास ना-हरकत प्रमाणपत्र मिळते. न बसल्यास तो परत पाठवावा किंवा नष्ट करावा लागतो. मिरचीत ओलावा ११ टक्क्यांहून अधिक नसावा आणि भुकटीत वरून रंग मिसळलेला नसावा, असे भारतीय मानक सांगते.

परदेशातील कसोटी

आपली मिरची दुसऱ्या देशात जाते तेव्हा हीच प्रक्रिया उलट दिशेने घडते. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या पदार्थांत सुदान-१ हा खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला रंग फ्रान्समध्ये आढळला. त्याच वर्षी मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची सुदान रंगासाठी तपासणी सक्तीची केली. तरीही २००५ मध्ये भेसळयुक्त मिरची भुकटीमुळे ब्रिटनमधील शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. काहींच्या भेसळीचा कलंक सर्वांच्या मालाला लागला.

दुसरा धोका अफ्लाटॉक्सिनचा. ओलसर मिरचीवर वाढणाऱ्या विशिष्ट बुरशीपासून हे विष तयार होते व ते यकृतास घातक असते. दळल्याने किंवा नेहमीच्या शिजवण्याने ते नाहीसे होत नाही. युरोपीय संघाने मिरचीत अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे एक टन मिरचीत अवघे ५ मिलिग्रॅम. एवढे विष डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेला मात्र सापडते.

खळ्यावरील दक्षता

बंदरावरील अधिकारी दोष शोधू शकतो, तो दूर करू शकत नाही. तो दोष बहुधा वाळवणीच्या वेळीच शिरलेला असतो. म्हणून पूर्ण पिकलेली मिरची तोडून ती मातीवर न टाकता स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरावी, वरचेवर हलवावी आणि दव पडण्यापूर्वी झाकून ठेवावी. पांढरी पडलेली व किडकी मिरची वेगळी काढावी. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

वजन वाढावे म्हणून वाळलेल्या मिरचीवर पाणी शिंपडण्याची चूक तर कदापि करू नये. चार पैशांच्या लोभाने शिंपडलेले ते पाणी बुरशीला आमंत्रण देते. मोंढ्यात अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र होतो. एका पोत्यातील दोष संपूर्ण मालाला नडू शकतो आणि त्याचा फटका अखेरीस मिरचीच्या भावाला बसतो.

निर्यातीची पहिली तपासणी चौकी बंदरावर नसून शेतकऱ्याच्या खळ्यावर आहे. तेथे घेतलेली काळजी दूरदेशीच्या ग्राहकाइतकीच आपल्या घरच्या ताटालाही उपकारक ठरते.