आतल्या रेघांमधलं गाणं

१९८८ साली अकोल्यातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला पांढऱ्या कव्हरची एक एलपी सापडली. कव्हरवर दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि या सगळ्यांवर पंख पसरलेला पक्षी. क्वीन या इंग्लिश रॉक बँडची ही ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’, नोव्हेंबर १९७५ ची. मला बँड माहीत नव्हता, चित्र आवडलं. वाशीमपर्यंत मीटरगेजच्या गाडीत ती मी मांडीवर उभी धरून आणली. तेव्हापासून ती घरात आहे, आणि ऐकण्याबद्दल मला जे थोडंफार कळलं ते बरंचसं तिच्यामुळेच.

१. मे महिन्यात तबकडी आडवी ठेवू नये.

आमच्या माडीवर टिनाचं छप्पर. त्या उन्हाळ्यात मी जुन्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डी एकावर एक रचून ठेवल्या आणि आठ दिवस लग्नाला गावी गेलो. एलपीचं प्लॅस्टिक उन्हानं मऊ होतं, त्यात वरचं वजन. परत आलो तर खालच्या दोन रेकॉर्डी पापडासारख्या वळल्या होत्या. काचेच्या दोन तावदानांत दाबून पाहिल्या. एक जेमतेम वाजायला लागली, दुसरी गेली ती गेलीच. त्यात आईचं आवडतं गाणं होतं, आणि ती काही बोलली नाही, हे मला जास्त लागलं. क्वीनची एलपी कपाटात पुस्तकांच्या रांगेत उभी होती म्हणून वाचली. आजही माझ्याकडे रेकॉर्डी उभ्याच असतात, खालच्या खोलीत.

२. सेल उतरले की गाणारा म्हातारा होतो.

लाईन गेली की आम्ही प्लेअर सेलवर चालवायचो. तबकडीनं मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घ्यायला हवेत. सेल उतरले की फेरे कमी पडतात, सूर खाली येतो आणि गाणं रेंगाळतं. कान नवा असेल तर कळतही नाही. मी पंधरा दिवस एक गाणं चुकीच्या पट्टीत ऐकून तेच खरं मानलं होतं.

३. पहिला क्रमांक कोणी दिला, ते आधी विचारावं.

आमच्या पिढीला क्रमांक कळला तो बुधवारी रात्री आठला, रेडिओ सिलोनवर. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये सुरू झाली. पायदान ठरायचं ते रेकॉर्डींच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. म्हणजे ज्याच्या घरी रेकॉर्ड नव्हती, त्याचंही मत पोस्टकार्डावरून पोचायचं. ब्रिटनमध्ये तेव्हा हिशेब दुकानातल्या विक्रीचा. तिथे ही एलपी पहिल्या क्रमांकावर गेली. क्वीनची पहिल्या क्रमांकाची ही पहिलीच एलपी. अमेरिकेत ती चौथ्यापर्यंत पोचली. तिच्यातलं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ छोट्या तबकडीवर वेगळं निघालं आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिलं राहिलं. ते ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं जाणकार सांगत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट यांनी ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं, आणि सोमवारी लोक दुकानात विचारायला लागले. अशा वेळी मला वाटतं, यादी गाण्याच्या मागून चालते. पुढे चालतो तो हट्टाने ऐकवणारा माणूस.

४. दुसरी बाजूही कोणाच्या तरी घामाची असते.

त्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला क्वीनचे ड्रमवादक रॉजर टेलर यांनी रचलेलं गाणं होतं. तबकडी एकच, तेव्हा पुढच्या गाण्यासाठी विकली गेलेली प्रत्येक प्रत मागच्याही गाण्याच्या खात्यात गेली, आणि टेलरना पुढचं गाणं रचणाऱ्या गायक फ्रेडी मर्क्युरीएवढंच मानधन मिळालं. एलपीवर तर चौघांचीही गाणी आहेत. यादीच्या नादानं मी कित्येक वर्षं एकाच गाण्यासाठी सुई उचलून आत ठेवायचो. पहिली बाजू सरळ, न उचलता ऐकली ती फार उशिरा.

५. अवघड गाणं अरुंद जागेत बसलेलं असतं.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर. तबकडीचे फेरे बदलत नाहीत, पण बाहेरची रेघ लांब आणि लेबलाजवळची आखूड. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर रेघ सरकते, अगदी आत ती २१ च्या आसपास येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. म्हणून बाजूच्या शेवटी आवाज फाटतो, स, श किरकिरतात. आणि या एलपीवर सर्वांत दाट गाणं, ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’, नेमकं दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे आहे; त्याच्यामागे फक्त ब्रिटनच्या राष्ट्रगीताची छोटी धून.

या गाण्यातल्या मधल्या ऑपेराच्या भागात फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे आणि टेलर असे तिघंच गायलेत. टेपच्या २४ पट्ट्यांवर आवाजावर आवाज चढवत गेले, पट्ट्या भरल्या की सगळं एकीवर उतरवून पुन्हा सुरुवात. त्या एका तुकड्याला तीन आठवडे लागले. टेप इतकी झिजली की उजेडाला धरली तर आरपार दिसायची, असं ते सांगत.

माझ्या जुन्या सुईवर हा भाग नुसता खरखराट व्हायचा, आणि मी ठरवून टाकलं होतं की रेकॉर्डच खराब आहे. नवी सुई बसवली, आर्मचं वजन नीट केलं, आणि एका रात्री तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले. मी उठून दार लावलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. दोष तबकडीचा असं म्हणण्याआधी आता मी सुई बघतो.

६. पाचगणी वाटते तेवढी दूर नाही.

फ्रेडी म्हणजे फारूख बुलसारा. जन्म १९४६ चा, झांजिबारचा, कुटुंब पारशी. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. पियानो तो तिथे शिकला, तिथेच पाच मुलांच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये वाजवला. गायचा दुसराच मुलगा. आम्हा शिक्षकांची सहल महाबळेश्वरला गेली तेव्हा मी वाटेत उतरून त्या शाळेच्या रस्त्यावर थोडा वेळ उभा राहिलो. जांभ्याची लाल माती, सुरूची झाडं. आईबाप समुद्रापलीकडे असलेल्या आठ वर्षांच्या पोराचा विचार मनात आला, गाण्याचा नाही.

७. यादी दोनदाही उघडते.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. त्या वर्षीच्या नाताळात ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’, तीच ध्वनिमुद्रित प्रत, ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली आणि पाच आठवडे राहिली. पुढल्या वर्षी अमेरिकेत, एका सिनेमामुळे, दुसऱ्यापर्यंत गेली. १९७६ मध्ये तिथे ती नवव्या पायरीवर थांबली होती.

फ्रेडी गेला त्याच थंडीत बाबा एकदा माडीवर आले. बाबा भजनी मंडळात गायचे, वाशीमच्या पद्मतीर्थ तळ्याजवळच्या काकड्यात पहाटे त्यांचा आवाज पहिला. ऑपेराचा भाग चालला होता. ते जिन्यातच थबकले.

“अबे, हे किती जनं गाऊन रायले?”

“तिघं, बाबा.”

“तीन? तीन जनांत एवढा मेळ?” त्यांनी खाटेवर बसून घेतलं. गाणं संपलं, धून वाजली, सुई लेबलापाशी टक्‌टक्‌ करत राहिली. मी ती उचलायला हात पुढे केला तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे जरा. मधलं लाव पुन्हा.”