भिंतीवरची बुरशी आणि ओझोन वायू

आषाढ-श्रावणाची झड लागली की आपल्या चिंताकीच्या परिसरातील पुष्कळ घरांत एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. कोपऱ्यातील भिंतीवर हिरवट-काळे ठिपके उमटतात, पेटीतील ठेवणीच्या वस्त्रांना कुबट वास येतो आणि वर्षभर न उघडलेल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी साय धरते. ही बुरशी होय. तिच्यावर हल्ली एक नवा उपाय सांगण्यात येतो. विजेवर चालणारी लहानशी पेटी खोलीत ठेवावी, तीतून ओझोन वायू निघतो व बुरशीचा समूळ नाश होतो, असे विक्रेते म्हणतात. घरात दम्याने कासावीस होणारे मूल असले म्हणजे आईबापांना अशा पेटीचा मोह पडावा, हे साहजिकच आहे. परंतु ती पेटी त्या मुलालाच अपाय करण्याचा संभव आहे. म्हणून या वायूचा स्वभाव प्रथम पाहू.

आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. १७८५ मध्ये मार्टिन व्हान मारुम या डच शास्त्रज्ञास विद्युत्-यंत्राजवळ एक विशिष्ट उग्र वास आला होता. पुढे बाझेल येथील रसायनशास्त्राचे अध्यापक शेनबाइन यांनी हा निराळाच पदार्थ आहे हे ओळखले आणि १८४० मध्ये ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. आजही छायाप्रती काढण्याच्या यंत्राजवळ कधीकधी हा वास येतो.

यातील तिसरा अणू त्या जोडीत फार काळ नांदत नाही. संधी मिळताच तो सुटतो आणि समोर येईल त्या पदार्थाशी संयोग पावतो. लोखंडाला गंज चढतो त्याच जातीची ही क्रिया, मात्र कितीतरी वेगाने घडणारी. तिच्या योगाने जंतू मरतात, हे खरे आहे. फ्रान्समधील नीस शहरात पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी १९०६ पासून ओझोनचा उपयोग करण्यात आला. पण तेथे हे काम पाण्यात व बंदिस्त जागेत चालते; त्या हवेत कोणी श्वास घेत बसलेले नसते.

खोलीतील गोष्ट निराळी. बुरशीच्या पेशी कोणत्या आणि मुलाच्या फुप्फुसातील नाजूक पेशी कोणत्या, हा भेद ओझोनला कळत नाही. त्याने घसा खवखवतो, खोकला येतो, छातीत दुखते आणि दमा बळावतो. आपल्या देशात २००९ मध्ये ठरविलेल्या मानकाप्रमाणे बाहेरील हवेतील ओझोनची आठ तासांची सरासरी एका घनमीटरास १०० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. म्हणजे हवेच्या दोन कोटी भागांत ओझोनचा सुमारे एक भाग! एवढ्याशा ओझोनने बुरशीचे काहीच बिघडत नाही. तिला मारावयाचे तर सुरक्षित मर्यादेच्या अनेक पट वायू सोडावा लागतो, आणि तोही गिलाव्याच्या आत किंवा गादीच्या कापसात शिरलेल्या बुरशीपर्यंत नीटसा पोहोचत नाही. रबराला भेगा पडतात, कापडाचे रंग विटतात, ते वेगळेच. घर रिकामे करून हा प्रयोग केला, तरी मेलेली बुरशी व तिचे बीजाणू भिंतीवर राहतातच. आणि ते मेलेले बीजाणूही शिंका व दम्याला कारण होऊ शकतात.

बुरशीचा राग तरी किती करावा? फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन मिळाले ते एका बुरशीपासूनच; आणि ते औषध आपल्या देशात तयार व्हावे म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखाना स्थापन झाला. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजण्यासाठी हवा असतो तो ओलावा. ओल कायम राहिली, तर आज मारलेली बुरशी पंधरवड्यात पुन्हा उगवेल.

म्हणून शोध घ्यावयाचा तो पाण्याचा. आपल्याकडील काळी जमीन पाणी धरून ठेवते. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढते, तसे ते पाणी पायातून भिंतीत चढते. कोठे माळवद झिरपते, कोठे स्लॅबला ढाळ नसल्याने पाणी साचते, कोठे पन्हळीचे पाणी थेट भिंतीवर पडते. कधी चुलीची व आंघोळीच्या पाण्याची वाफ बाहेर जाण्यास वाटच नसते.

यांपैकी आपल्या घरी काय आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येईल. भिंतीच्या ओलसर भागावर प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी पाहावे. भिंतीकडील बाजूस पाणी जमले असेल, तर ओल भिंतीतून येत आहे. मग छत, पन्हळ व पाया तपासावा. खोलीकडील बाजूस दव दिसले, तर खोलीतील वाफ जबाबदार. अशा वेळी खिडकी उघडी ठेवावी आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे.

ओलीचा बंदोबस्त झाल्यावर नाकातोंडाला मास्क बांधून भिंत साबणाच्या पाण्याने पुसावी. कोरड्या केरसुणीने झाडू नये, कारण बीजाणू घरभर उडतात. भिंत पुरती वाळली की चुन्याचा हात द्यावा. पुस्तके उघडीप पडताच अंगणात नेऊन सुकवावीत आणि मऊ कुंचल्याने झटकावीत. हे काम मात्र दम्याच्या मुलाकडे देऊ नये.