अक्षर आणि बाइट : ‘सी’ भाषेतील अक्षरमालांच्या सुलभीकरणाचे परीक्षण

संगणकाच्या ‘सी’ भाषेत ज्याला रूढीने अक्षरमाला म्हटले जाते, ती वस्तुतः बाइटांची माळ असते आणि शून्य मूल्याचा बाइट आला की ती संपली असे मानले जाते. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी ही भाषा सिद्ध केली, तेव्हा इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका बाइटात मावत असल्यामुळे अक्षर व बाइट यांतील भेद व्यवहारात उद्भवत नव्हता. भारतीय लिप्यांच्या संदर्भात मात्र हा भेद मूलभूत ठरतो. म्हणूनच जुन्या आज्ञावलीतील अक्षरमालांचा व्यवहार सोपा करण्यासाठी केलेल्या पुनर्रचनेचे परीक्षण हे केवळ तंत्रज्ञाचे काम राहत नाही. संहितेच्या शुद्धतेचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

या भेदाची जाणीव चेन्नईत विशेषत्वाने दिसून येते. आयआयटी मद्रासच्या प्रणाली विकास प्रयोगशाळेने आपल्या बहुभाषिक आज्ञावलींसाठी संपूर्ण अक्षराला दोन बाइटांचा एक संकेत देण्याची पद्धत अंगीकारली. तमिळनाडू शासनाने २०१० साली युनिकोडबरोबरच ‘टेस-१६’ या सोळा बिटांच्या संकेतपद्धतीस मान्यता दिली. तमिळच्या २४७ अक्षरांपैकी प्रत्येकास स्वतंत्र संकेत असावा, हे तिचे तत्त्व. याउलट १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने वर्ण, मात्रा व हलन्त यांना पृथक् संकेत दिले आणि युनिकोडची देवनागरी १९८८च्या ‘इस्की’वर आधारलेली आहे. अक्षर हे एकक मानावे की वर्ण, हा जुना वैयाकरणी प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो.

‘क्षेत्र’ हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. वाचकाच्या दृष्टीने त्यात दोन अक्षरे आहेत. युनिकोडच्या गणनेने सात संकेत. आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेतास तीन बाइट लागत असल्याने एकूण एकवीस बाइट. ‘सी’मधील ‘स्ट्रलेन’ हे फलन २१ हेच उत्तर देते. आता एखाद्या ग्रंथसूचीच्या आज्ञावलीत शीर्षकासाठी दहा बाइटांची जागा राखली आहे, अशी कल्पना करावी. जुन्या रचनेतील ‘स्ट्रएनसीपीवाय’ दहा बाइट उतरवून घेईल : ‘क्ष’चे नऊ आणि मात्रेचा पहिला एक. अंतीचा शून्य बाइट लिहिलाच जाणार नाही, आणि पुढे वाचणारे फलन शेजारच्या स्मृतीत शिरेल. सुलभीकरणात त्याऐवजी ‘एसएनप्रिंटएफ’ योजले, तर नऊ बाइट व शून्य असे सुरक्षित फल मिळते. यंत्राच्या दृष्टीने दोष संपला. परंतु ‘क्षे’ची मात्रा निःशब्दपणे गळून पडली. येथे परीक्षकाने एक गोष्ट अवश्य पाहावी. हे फलन आवश्यक लांबी, म्हणजे २१, परत सांगते. नव्या रचनेत त्या उत्तराची दखल घेतली आहे काय? घेतली नसेल, तर संहिता तुटल्याचे कोणासही कळणार नाही.

शून्य बाइटाचा संकेत दुसऱ्या टोकालाही अडचण निर्माण करतो. संहिता सोळा बिटांच्या युनिकोड रूपात साठवली, तर शब्दांमधील मोकळ्या जागेच्या दोन बाइटांपैकी एक शून्य असतो. ‘स्ट्रलेन’सारखी फलने तेथेच, किंबहुना त्याआधीही, थांबतात. यूटीएफ-८मध्ये हा दोष नाही. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२मध्ये ती योजना आखताना शून्य बाइट केवळ शून्य संकेतासाठीच राखला. तथापि ‘तीन बाइट म्हणजे एक वर्ण’ असे सूत्र बांधणेही धोक्याचे होय. २०१४मध्ये युनिकोडात समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक संकेतास यूटीएफ-८मध्ये चार बाइट लागतात. तंजावरच्या मराठी राजवटीची मोडी कागदपत्रे तमिळनाडूत आहेत. त्यांच्या सूचीसाठी असे सूत्र निरुपयोगी ठरेल.

सर्वाधिक सूक्ष्म प्रश्न समतेचा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील रफार दोन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असे तीन संकेत देऊन. वाचकाला दोन्ही रूपे एकच दिसतात. ‘स्ट्रसीएमपी’ मात्र त्यांना भिन्न ठरवते. सुलभीकरणाच्या भरात अदृश्य चिन्हे ‘निरर्थक’ समजून काढून टाकली, तर दुसऱ्या रूपातील ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते; डोंगरातील दरीचा समुद्र होतो. त्याच न्यायाने ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण ‘आचार्यांना’ जाऊन पोहोचते. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही रूपे एका ठरावीक रूपात आणावीत. चिन्ह नाहीसे करू नये.

सारांश, विखुरलेल्या प्रती, जोडण्या व मोजण्या एकत्र करून लांबी सांभाळणारी एकच रचना योजणे सर्वथा इष्ट आहे. ‘स्ट्रकॅट’ प्रत्येक वेळी आरंभापासून शेवट शोधते. तो व्यर्थ खर्चही त्यामुळे वाचतो. परंतु ओळी किती कमी झाल्या, हा परीक्षणाचा निकष नव्हे. लांबी बाइटांत मोजली की अक्षरांत, छेद कोठे पडतो, छेद पडल्याची वार्ता कोणाला मिळते आणि समता कशी ठरते, या चार प्रश्नांची उत्तरे नव्या रचनेत स्पष्ट असावीत. आणि तिची कसोटी इंग्रजी शब्दांबरोबरच ‘क्षेत्र’ व ‘दऱ्या’ यांच्यावरही घ्यावी. जी आज्ञावली या दोन शब्दांना जसेच्या तसे परत देते, तिच्याच हाती हस्तलिखितांची सूची सोपवणे योग्य होईल.