सुपारी किती, ते आधी विचारा

गाण्याबजावण्यावर फ्रीलान्स लिहिणाऱ्याला लोक हमखास विचारतात, अमका गायक प्रत्यक्षात कसा आहे हो? मला मात्र हळूहळू पैशाचेच प्रश्न जास्त कामाचे वाटू लागले. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांसाठी थोडं:

1. ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ हे विचारूच नका, उत्तर पाठ असतं. त्यापेक्षा गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला जा. तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पंच येतात, जत्रेच्या सुपाऱ्या फुटतात. चैत्रातल्या अष्टमी-पौर्णिमेला भाव चढा, कारण एकाच रात्री कितीतरी गावांना फड हवा असतो. आडतिथीला तोच मालक घासाघीस ऐकून घेतो. त्याच्यासमोर ‘लोककलेचं भवितव्य’ काढलंत, तर चहा पाजून वाटेला लावेल. ‘यंदा कलावंतांना उचल किती द्यावी लागली?’ असं विचारा. मग सावकाराच्या व्याजापासून ट्रकच्या डिझेलपर्यंत सगळं बाहेर पडतं, आणि लेख बहुतेक तिथेच सापडतो.

2. खेळ शेवटपर्यंत बघा. गण-गवळण झाली की फोटो काढून सटकणारे पुष्कळ. वग पूर्ण झाला, का त्याला कात्री लागली, हे थांबल्याशिवाय कळत नाही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलं, आणि रात्रभर रंगणारा वग आखडत गेला. वग का आटला, याचा सगळा दोष प्रेक्षकांच्या अभिरुचीवर टाकणारा लेख दिसला, की लिहिणारा किती वाजता घरी गेला असेल याचा मी अंदाज बांधतो.

3. फुकटचा पास जरूर घ्या. बसा मात्र साउंडवाल्याच्या शेजारी.

4. गायकाचं नाव सगळेच छापतात. तुम्ही गीतकाराचं, संयोजकाचं, ढोलकीवाल्याचं छापा. वामनदादा कर्डकांची (1922–2004) भीमगीतं कितीतरी गायकांनी गायली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये कवीचं नाव बऱ्याचदा नसतंच. पण भीमगीतांत शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफण्याची रीत आहे, आणि तिथे ‘वामन’ भेटतो. म्हणजे इथेही शेवटपर्यंत ऐकणं आलंच.

5. गीतकार-संगीतकारांशी बोलताना करारावरची सही कधीची, हे विचारा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं, तर रॉयल्टीतला त्यांचा वाटा कुणाला सहीने लिहून घेता येत नाही. कागदावर हक्क आला. खात्यात किती आले, हे विचारायला फार थोडे पत्रकार जातात.

6. आता आपलं. दुसऱ्याची सुपारी बिनदिक्कत विचारणारे आपण, संपादकाला मानधन विचारताना पुटपुटतो. फडमालक इसार घेतल्याशिवाय तारीख देत नाही. आपल्याला इसार कुणी देणार नाही, पण शब्दसंख्या, रक्कम, तारीख एवढं ईमेलवर घ्याच. ‘मानधनाचं बघू’ म्हणजे नाही. 10 टक्के टीडीएस कापला, तर तो खरंच भरला का, हे आयकर खात्याचं 26एएस उघडून बघा. एका ठिकाणी माझा कापला होता, भरला मात्र नव्हता. दिवाळी अंकांचा मामला निराळा. तिथे आधी विचारलं, तरी उत्तर तुळशीच्या लग्नानंतरच मिळतं.